जुन्या बुलेटचं हेड उतरवताना

कास्ट आयर्न बुलेट ३५० चा सिलिंडर लोखंडी, हेड (सिलिंडरवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. गरम इंजिनचे नट सोडले तर हेड वाकू शकतं. रात्रभर थंड होऊ द्या. मग हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खालच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ०.०५ मिमीचं पान शिरलं, तर नवं गॅस्केटही (हेड आणि सिलिंडरमधलं सील) टिकणं कठीण. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड घासा.

व्हॉल्व्ह लॅपिंगनंतर (पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, घासून बसवल्यावर) पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेत, पेट्रोल ओता. पाच मिनिटांत सीटखाली ओल आली तर पुन्हा पेस्ट लावा. इथे घाई नकोच. नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) जुळवा थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला वर ढकलणारा दांडा) बोटांनी फिरावा, पण वरखाली हलू नये. इंजिन एकदा तापून थंड झालं की नट परत आवळा आणि टॅपेटही तपासा, कारण गॅस्केट दबून फट बदलते.