‘कारणं सांगू नकोस’

सोमवारी, ७ जुलैला, जेवणाच्या सुट्टीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला जाऊन आले. २००५मध्ये याच दिवशी सकाळी ९.४७ला ३० नंबरच्या बसमध्ये शेवटचा बॉम्ब फुटला तो बागेलगतच्या याच रस्त्यावर. त्याआधी तीन भुयारी गाड्यांत फुटले होते. एकूण ५२ माणसं गेली. बागेत १९६८पासून आपले गांधीजी मांडी घालून बसलेले आहेत.

दुपारी चहाला एक ब्रिटिश सहकारी हळहळत म्हणाला, “इराकमध्ये गेलो नसतो तर हे झालंच नसतं.” मी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून तो अगदी आपुलकीने म्हणाला, “तुमच्या मुंबईचंही तेच ना? काश्मीर.”

मी कप तिथेच ठेवून उठले. रात्रभर तेच डोक्यात. त्याच्या देशाबद्दल जे वाक्य मला पटलं, तेच माझ्या शहराबद्दल इतकं का लागलं?

शाळेत उशीर झाला की बाई म्हणायच्या, “कारणं सांगू नकोस.” आपल्या भाषेत कारण म्हणजे ज्यामुळे घडलं ते, आणि कारण म्हणजे सबबही. या वादात सगळा घोळ तिथेच होतो.

इथल्या लोकांचं एक मात्र मला फार मोठं वाटतं, त्यांनी हे कारण स्वतः शोधलं. २००३च्या फेब्रुवारीतच त्यांच्या गुप्तवार्ता समितीने सरकारला लिहून दिलं होतं की इराकवर हल्ला केला तर अल-कायदाचा धोका वाढेल. त्याच महिन्यात लाखो लोक युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यावर उतरले. तरी फौजा गेल्या. बॉम्बस्फोटांनंतर पंतप्रधान ब्लेअर म्हणत राहिले की इराकशी याचा संबंध नाही, ११ सप्टेंबर तर इराकच्या आधी घडलं. मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. पुढे २०१०मध्ये इराक युद्धाची तपासणी करणाऱ्या चिलकॉट चौकशीपुढे एलिझा मॅनिंगहॅम-बुलर आल्या. स्फोटांच्या वेळी एमआय-५, म्हणजे देशांतर्गत गुप्तहेर खातं, त्यांच्याच हाताखाली होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की इराक युद्धाने धोका वाढला, इथल्या तरुण पिढीतले काही जण त्यामुळे कट्टर झाले, आणि २००३मध्ये आपल्याला खात्याचा खर्च दुप्पट करून मागावा लागला. देशाची गुप्तहेरप्रमुख राहिलेली बाई चौकशीत सरकारच्या निर्णयावर असं बोलते, आणि तिला कुणी देशद्रोही म्हणून हाकलत नाही! आपल्याकडे २६/११नंतर राम प्रधान यांची समिती बसली, पण तिचं काम पोलिसांनी काय केलं, काय केलं नाही एवढ्यापुरतंच होतं.

पण हेच लोक आपल्याकडे वळले की सूर बदलतो. जानेवारी २००९मध्ये, हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते, परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड मुंबईत आले. ताजमध्येच भाषण केलं, आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रातल्या लेखात लिहिलं की काश्मीरचा प्रश्न सुटला तर अतिरेक्यांच्या हातातलं एक मोठं निमित्त जाईल. इराकचा संबंध नाकारणारं सरकार याच पक्षाचं होतं. दिल्लीने तेव्हा फटकारलं, ते योग्यच केलं.

ब्रिटनने इराकवर स्वारी केली. सीएसटीच्या फलाटावर गावची गाडी पकडायला बसलेल्यांनी कुणावर केली होती? काश्मीरमध्ये आपण चुकलोच नाही असं मी म्हणत नाही. त्या चुका आपण मोजायच्या, काश्मिरी माणसासमोर बसून मोजायच्या. पण कराचीहून बोटीने आलेल्या दहा जणांच्या बंदुकीला त्या चुकांचा दाखला कशाला द्यायचा?

लंडनच्या चौघा हल्लेखोरांचा म्होरक्या लीड्समध्ये वाढलेला, प्राथमिक शाळेत मुलांना मदत करणारा. मरण्याआधीच्या चित्रफितीत त्याने सांगितलं की तुम्ही निवडून दिलेली सरकारं माझ्या लोकांवर अत्याचार करतात, म्हणून तुम्हीही जबाबदार. त्याच्या बॉम्बने मारलेल्यांपैकी कुणी युद्धाविरुद्ध मोर्चात चाललं होतं का, हे त्याने विचारलं नाही. त्या ५२ जणांत मुसलमानही होते. इराक युद्ध चूक होतं, त्याने धोका वाढवला, हे मला मान्य आहे. गाडीत बॉम्ब घेऊन बसायचं हे मात्र त्याने ठरवलं. तो दोष मी ब्लेअरला देणार नाही, आणि दिल्लीला तर नाहीच.

शुक्रवारी ११ जुलै. २००६च्या त्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले, तेव्हा बाबा अंधेरीहून बोरिवलीला चालत आले होते. फोन लागत नव्हते. वाटेत जोगेश्वरीला लोक रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसांना पाणी आणि बिस्किटं देत होते. रात्री एक वाजता बाबांनी बेल वाजवली, तेव्हा आई दाराशीच बसलेली होती.

त्या सहकाऱ्याला शुक्रवारी जेवायला बोलावलंय. त्याला हे सगळं सांगायचंय.