आयुर्वेदाची सुरुवात भुकेपासून

आज लंचला मैत्रिणीने फोन पुढे केला, कार्टमध्ये अश्वगंधा, शतावरी, त्रिफळा आणि कसलातरी डिटॉक्स चहा, आणि म्हणे यातलं आधी काय सुरू करू गं, तुझं चाललंय ना आयुर्वेदाचं. मी म्हटलं आत्ता काहीच मागवू नकोस, पण लगेच मीटिंगला पळावं लागलं आणि बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून आता जेवणं आवरून सविस्तर लिहितेय, तिलाही पाठवेन आणि माझ्याकडेही नोंद राहील.

माझं सगळं सुरू झालं ॲसिडिटीपासून. सकाळी चहा-बिस्किटं, मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास, डबा उघडेपर्यंत दोन-अडीच वाजायचे, संध्याकाळी परत मशीनचा चहा आणि त्याच्याबरोबर जे समोर येईल ते, रात्री जेवायला दहा. करपट ढेकर, पोट डब्ब, आणि सकाळी उठल्यावर तोंड कडू. फिजिशियननी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, गोळी दिली, ती घेतली की बरं वाटायचं आणि बंद केली की परत तेच. मग आई म्हणाली एकदा आपल्या पेठेतल्या वैद्यबाईंना दाखव, त्यांच्याकडे ती वर्षानुवर्षं जाते.

मला वाटलं होतं नाडी बघतील आणि पुड्या देतील. नाडी बघितलीच, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, पण त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नुसते प्रश्न. झोप कधी, उठल्यावर अंग हलकं असतं की जड, पोट रोज साफ होतं का, ढेकर आला तर खाल्लेल्याची चव येते का. आणि मग विचारलं, तुला भूक कधी लागते? मी म्हटलं एक-दीडला. तर त्या म्हणाल्या, "अगं ती तुझी जेवायची वेळ झाली. मी भूक विचारतेय." मला खरंच उत्तर देता आलं नाही. कधी चहा भूक मारून टाकतो, कधी कामात कळत नाही, कधी टेन्शनमध्ये काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं आणि आपण त्याला भूक म्हणतो.

त्यांनी त्या दिवशी एकही औषध दिलं नाही. एक वही कर म्हणाल्या, खरी भूक कधी लागली, काय खाल्लं, आणि आधीचं पचलंय हे कशावरून वाटलं एवढंच लिही. आधीचं पचल्याची लक्षणं आपल्याकडे अगदी नीट सांगितलेली आहेत: ढेकर स्वच्छ येतो म्हणजे त्याला आंबट-करपट वास नसतो, उत्साह वाटतो, मल-मूत्र वेळच्या वेळी होतं, अंग हलकं वाटतं, आणि मग भूक आणि तहान लागते. म्हणजे भूक या सगळ्याबरोबर आली तर ती खरी. मला हे इतकं आवडलं, कारण यात कुठलं ॲप लागत नाही, मशीन लागत नाही, स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायचं बस.

वहीतून जे दिसलं ते असं की माझी भूक एकसारखी नाहीच. एखाद्या दिवशी अकरालाच कडकडून, एखाद्या दिवशी दुपार उलटली तरी नाही. वैद्यबाई म्हणाल्या हा विषमाग्नी. अग्नी म्हणजे पचनशक्ती, आणि ती चार प्रकारची सांगितलीय: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. वातामुळे विषम, पित्तामुळे तीक्ष्ण, कफामुळे मंद, आणि सगळं जागेवर असेल तर सम. मी पित्त पित्त म्हणत होते पण मूळ गोंधळ वेळेचा होता, आणि विषमाग्नीला सगळ्यात आधी लागते ती नियमितता. मग त्यांनी घडी बसवून दिली. दुपारचं जेवण साडेबाराला, म्हणजे ऑफिसमध्ये सगळे जेवायला उठायच्या आधी मी डबा उघडते, रात्रीचं आठच्या आत, आणि मधे भूक नसेल तर काहीही नाही.

रात्रीचं आठच्या आत हे घरात सगळ्यात अवघड गेलं. नवरा नऊला येतो, मुलीचा क्लास आठला सुटतो, आणि आमच्याकडे एकत्र जेवायची पद्धत आहे जी मला मोडायची नव्हती. शेवटी असं ठरलं की मी आणि सासूबाई आधी जेवतो आणि ते दोघं आले की मी पानाशी नुसती बसते, गप्पा होतातच. सासूबाई तर म्हणाल्या आमच्या गावाला दिवेलागणीलाच जेवणं व्हायची, त्यात नवीन ते काय.

किती खायचं याचा हिशोब वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे. पोटाचे चार भाग धरायचे, दोन भाग घन अन्न, एक भाग पातळ पदार्थ आणि चौथा वायूसाठी मोकळा. मी हे पानात असं बसवलंय की दुपारी दोन फुलके, भाजी, थोडा वरण-भात वर साजूक तूप, आणि शेवटी गोडं ताक, जिरेपूड आणि चिमूटभर सैंधव घालून. अजून एक घास जाईल असं वाटत असतानाच उठायचं. पाणी जेवताना मधेमधे घोटघोट, जेवण झाल्यावर तांब्याभर पाणी ढोसायचं नाही. मला वाटतं बाकी काही जमलं नाही आणि एवढं जमलं तरी पोटाला फरक कळतो, मला तरी कळला, करपट ढेकर आता क्वचितच येतात.

आता श्रावण चालू आहे आणि पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो, त्यामुळे या दिवसांत सांगितलेलं आहे ते जुनं धान्य, मुगाचं कढण, उकळलेलं पाणी आणि दिवसा झोपायचं नाही. मी पाणी सुंठीचा छोटा तुकडा टाकून उकळते आणि थर्मासमध्ये भरून नेते. जेवणाआधी आल्याचा अगदी नखाएवढा तुकडा सैंधव लावून, हे वैद्यबाईंनी मला फक्त पावसापुरतं सांगितलंय, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की बंद. कारण तेव्हा शरद ऋतू, पित्ताचे दिवस, आणि तेच आलं मग मला बाधेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण एखादी गोष्ट चांगली आहे असं ऐकलं की बारा महिने तीच करत सुटतो.

उपवासाबद्दल पण बोलायचंय. श्रावणी सोमवार मी करते, मनापासून करते, पण उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याचा लाडू आणि वर वेफर्स हे पोटाला रोजच्यापेक्षा जास्त काम लावणं आहे, तेही अग्नी मंद असताना. आता मी दुपारी थोडी वरई आणि दाण्याची पातळ आमटी घेते, रात्री उपास सोडताना मुगाचं वरण, मऊ भात आणि तूप. यंदाचे सोमवार इतके हलके गेले की मंगळवारी सकाळी उठून मी टेकडीवर जाऊन आले.

तेलाचं सांगते. अभ्यंग आपण दिवाळीत करतो पण तो रोजच्या दिनचर्येतला भाग आहे, आणि त्यात डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिलाय. अपचन झालं असेल किंवा कफाचा जोर असेल तर मात्र तेल लावायचं नाही, हेही अष्टांगहृदयातच सांगितलंय. माझं रोजचं म्हणजे रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं. ही वाटी आजीची, कडेला थोडी चेपलेली, आणि सासूबाई मुलीचे तळपाय पण घासून देतात. घासता घासता तूप काळं पडतं आणि लोक म्हणतात बघ उष्णता बाहेर आली. तसं नाहीये, काशात तांबं असतं, त्यावर तूप-तेल घासलं की ते काळं होतंच. पण पायाची आग शांत होते आणि झोप गाढ लागते एवढं मला पुरेसं आहे, त्याला खोट्या कारणाची गरज नाही.

मैत्रिणीने मोबाईलवर प्रकृतीची टेस्ट पण दिलीय, वात-पित्त आली म्हणे. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात प्रकृतीपासून करू नये. प्रकृती जन्मापासूनची असते आणि आत्ता जो त्रास होतोय ती विकृती, दोन्ही वेगळ्या करायला अनुभवी वैद्य लागतो, पंधरा प्रश्नांत ते होत नाही. आणि एकदा का मी वाताची मी पित्ताची असं डोक्यात बसलं की माणूस काय खायचं नाही याच्या याद्या करत बसतो आणि भूक बाजूलाच राहते.

औषधांबाबत तर मी फार कडक आहे. वनस्पती आहे म्हणजे साईड इफेक्ट नाही हे वाक्य मला सहन होत नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलाचे काढे चालले होते, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पती नक्की कुठली होती हे नीट तपासलं नाही असं त्यांचं म्हणणं, कारण तशीच दिसणारी दुसरी वेल असते. वाद राहू दे, पण आपल्याला वेल ओळखता येत नाही, मात्रा माहीत नाही, आणि आधीच्या गोळ्यांबरोबर काय होईल तेही माहीत नाही, मग स्वतःच्या मनाने का घ्यायचं? भस्मं आणि रसकल्प, म्हणजे धातू-पाऱ्यापासून केलेली औषधं, तर वैद्याशिवाय अजिबातच नाही. आईची बीपीची गोळी वैद्यबाईंनी कधीही बंद करायला सांगितली नाही, उलट दर वेळी विचारतात वेळेवर घेतेस ना.

तर मैत्रिणीला सांगायचं ते एवढंच की कार्ट रिकामं कर, वही घे, आणि भूक लिहायला लाग. दुपारचं जेवण वेळेवर कर. महिनाभराने वैद्यांकडे जाशील तेव्हा ती वही घेऊन जा, त्यांना अर्धं तिथेच कळेल.

माझी पुढची व्हिजिट भाद्रपद संपताना आहे. ऋतू बदलताना जुन्याचा शेवटचा आठवडा आणि नव्याचा पहिला आठवडा ही ऋतुसंधी, त्यात आधीच्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या धरायच्या, एकदम नाही. सुंठीचं पाणी कधीपासून कमी करायचं, शरदात हिरडा साखरेबरोबर घेतात तो मला चालेल का, आणि नवरात्रात नऊ दिवसांचे उपास या अग्नीला झेपतील का, हे तीन प्रश्न मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.