टनामागे 10,448 रुपये

2019-20 च्या हंगामातला हा आकडा मला अजून तोंडपाठ आहे. साखर परदेशात पाठवली की केंद्र सरकार कारखान्याला टनामागे एवढे पैसे देणार होतं. फोड अशी: हाताळणी, दर्जा सुधारणं, पोती बदलणं वगैरेचे 4,400, देशातल्या वाहतुकीचे 3,428 आणि जहाजभाड्याचे 2,620. मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होतो आणि या क्लेमची फाइल माझ्या टेबलावर होती.

ट्रक आंबा घाट उतरून जयगड बंदराकडे जायचे. वाटेत साखरपा लागतं. 'साखर चालली साखरप्याला' हा विनोद काट्यावरचा माणूस रोज नव्यानं करायचा आणि आम्ही रोज हसायचो. माझं काम त्यानंतरचं. जीएसटी इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाजवाल्याची मालाची पावती), सगळीकडे वजन जुळलं पाहिजे. एकदा एका कागदावर 25,000 किलो आणि दुसऱ्यावर 24,990 निघालं. दहा किलोसाठी अख्खी फाइल परत आली. दहा किलो म्हणजे घरातला दोन महिन्यांचा चहा.

याच सुमारास आमचे चुलते, तात्या, घरी आले. पेपरात काहीतरी वाचलं होतं.

"त्या ब्राझीलनं आमच्या उसावर केस टाकलीया म्हणं. आमचा ऊस त्यास्नी काय करतुय रं?"

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तिघांनी 2019 मध्ये भारताला जागतिक व्यापार संघटनेत ओढलं होतं. तात्यांना समजावताना मीच अडकलो. सबसिडीचा माल आपल्या बंदरावर आला तर त्याच्यावर जादा आयात शुल्क बसवून हिशेब चुकता करता येतो, हेच ते प्रतिशुल्क, म्हणजे काउंटरव्हेलिंग ड्युटी. (जीएसटीच्या आधी आयातवाले ज्याला 'सीव्हीडी' म्हणायचे ते वेगळं, ते एक्साइजच्या बरोबरीचं अतिरिक्त शुल्क होतं. नाव तेच असल्यामुळे भल्याभल्यांचा घोळ व्हायचा.) त्यासाठी चौकशी करून सबसिडी किती, आपल्या उद्योगाचं नुकसान किती आणि ते या मालामुळेच झालं का, हे दाखवावं लागतं. साखरेतलंच उदाहरण घ्यायचं तर मेक्सिकोची साखर अमेरिकेत जाते, म्हणून अमेरिकेला तिच्यावर अशी चौकशी लावता आली. 2014 च्या डिसेंबरात मेक्सिकोनं करार केला आणि शुल्क थांबलं.

पण ब्राझील आपली साखर घेतोच कुठे? तो स्वतःच जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार. आपली आणि त्याची गाठ पडते ती तिसऱ्याच देशाच्या बाजारात. इंडोनेशियाच्या बंदरात उतरणाऱ्या आपल्या साखरेवर ब्राझील शुल्क कसं लावणार? म्हणून जिनिव्हा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचं दार.

"म्हंजी बांधावरचं भांडण न्हवं, बाजारातलं," तात्या म्हणाले. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ते बरं होतं.

केसमध्ये आपला एक मुद्दा मला फार जवळचा वाटायचा. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, सरकार ठरवतं, पण पैसे कारखाना देतो. सरकार एक कांडंही विकत घेत नाही, मग ही सरकारची मदत कशी? ज्याला दर पंधरवड्याला शेतकऱ्यांच्या बिलांसाठी बँकेची मनधरणी करावी लागते, त्याला हा युक्तिवाद पटणारच. 14 डिसेंबर 2021 च्या निकालात संघटनेच्या पॅनेलला, म्हणजे केस ऐकणाऱ्या पंचांना, तो पटला नाही. कायद्यानं किमान भाव बांधून दिला की आधार झालाच, खिसा कुणाचा याला महत्त्व नाही. 2014-15 ते 2018-19 अशा पाचही हंगामांत तो उसाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्के या मर्यादेच्या वर गेला असं ठरलं. आता हा आधार मोजताना आजचा भाव ताडून पाहतात 1986 ते 88 च्या किमतीशी, महागाई न धरता. तेव्हा तात्यांच्या शेतात बैल होते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र आपली बाजू घेणं मला कधीच जमलं नाही. 2018-19 मध्ये उसाला क्विंटलमागे 13.88 रुपये मदत होती. नाव उत्पादन साहाय्य, पण मिळणार निर्यातीचा कोटा पूर्ण करणाऱ्यालाच. निर्यातीच्या अटीवर दिलेला पैसा ही निर्यात सबसिडी, हे ओळखायला जिनिव्हा कशाला, माझ्या हाताखालचा पोरगाही ओळखेल. पुढच्या वर्षीचे 10,448 वाहतूक आणि हाताळणीत वाटले तेही उगाच नव्हे. निर्यात सबसिडीवरच्या बंधनातून विकसनशील देशांना त्या खर्चापुरती 2023 अखेरपर्यंत सवलत होती.

पॅनेलनं ही निर्यात सबसिडी 120 दिवसांत बंद करा म्हणून सांगितलं. भारतानं डिसेंबर 2021 मध्येच अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या नेमणुका होऊ देत नाही. अपील आहे, ऐकायला कुणी नाही. आपल्या तहसीलमध्ये निदान शिपाई तरी असतो.

तोवर इकडे गंमत झाली. जगात साखरेचा भाव चढला आणि 2021-22 मध्ये सबसिडीचा एक रुपया न घेता देशातून 100 लाख टनांच्या वर साखर गेली. तेव्हा सरकारला देशातल्या भावाची काळजी लागली आणि 1 जून 2022 पासून निर्यातीवर निर्बंध आले. त्या वर्षी माझ्या टेबलावर क्लेमची फाइल नव्हती. साखर पाठवू द्या, अशी परवानगी मागणाऱ्या अर्जाची होती, आणि तिच्यातही वजन किलोपर्यंत जुळवून घेतलं होतं.