विंडोज नाही, तरी महाग का?

तुम्ही विचारलंत म्हणून. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम फुकट, मग लिनक्स घालून विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचे लॅपटॉप तेवढ्याच ताकदीच्या विंडोजवाल्यांपेक्षा महाग कसे?

विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात, पण वाटतात तितके नाहीत. बड्या कंपन्यांना विंडोज ठोक भावात पडतं. शिवाय आधीच घालून दिलेल्या अँटीव्हायरससारख्या वस्तूंचे त्यांना उलट पैसे मिळतात. छोट्या विक्रेत्याला ही वरकमाई नाही.

अमेरिकेतली सिस्टम76, जर्मनीतली टक्सेडो, स्पेनमधली स्लिमबुक यांचे बरेच लॅपटॉप तैवानच्या क्लेव्होसारख्या कारखान्यांच्या तयार सांगाड्यावर उभे असतात. बॉडी, मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड तिथून येतं; रॅम, एसएसडी, वाय-फाय कार्ड विक्रेता बसवतो. सांगाडा मुळात विंडोज डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो, आणि दुखणं तिथेच आहे.

साधा पंखा घ्या. किती तापमानाला किती फिरायचं हे मदरबोर्डावरची एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप ठरवते. तिच्याशी बोलणारं अ‍ॅप कारखाना फक्त विंडोजसाठी देतो. लिनक्सवर तेच काम करणारा ड्रायव्हर कुणीतरी बसून लिहायचा. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर ठेवला, तर कर्नलच्या नव्या आवृत्तीगणिक मोडण्याची धास्ती. टक्सेडोचे ड्रायव्हर जीपीएल 3 या खुल्या परवान्याखाली होते, कर्नल जीपीएल 2 चं; दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. 2024 मध्ये कर्नलवाल्यांनी हरकत घेतली आणि परवाना बदलण्याची पाळी आली. सिस्टम76 ने काही मॉडेलांत वेगळी वाट धरली: लॅपटॉप सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रामच्या जागी कोअरबूट हा खुला पर्याय, आणि कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअरही (फर्मवेअर) खुलं. हे काम तर त्याहून खर्चिक.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती झाकण मिटल्यावरची लॅपटॉपची झोप. नव्या इंटेल लॅपटॉपांत रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी जुनी ‘एस3’ झोप बऱ्याचदा नसतेच. नव्या पद्धतीत प्रत्येक भागाने आपापलं निजायचं असतं; एकटी एसएसडी जरी नीट निजली नाही, तरी अख्खा प्रोसेसर जागा राहतो. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप सकाळी गरम, बॅटरी शून्यावर. दोषी सुटा भाग हुडकण्यात दिवस जातात. त्यात कारखान्याने पुढच्या खेपेत गुपचूप टचपॅड बदलला, तर त्याची तपासणी पहिल्यापासून. कॅमेऱ्याचंही तसंच: यूएसबीवरचा लगेच चालतो, पण इंटेल प्रोसेसरमधल्या आयपीयू6 या चित्र हाताळणाऱ्या भागावर जोडलेला असला की डोकेदुखी. शहाणा विक्रेता तसा सांगाडा उचलतच नाही.

आता भागाकार करा. समजा, या कामाला दोन अभियंते आहेत आणि त्यांचा वर्षाचा खर्च दीड लाख युरो. 3,000 लॅपटॉप खपले तर प्रत्येकावर 50 युरो चढले. 3 लाख खपले तर फक्त अर्धा युरो. काम तेवढंच, भाजक वेगळा. वर कारखाना मॉडेल बंद करणार म्हणून वॉरंटीपुरत्या बॅटऱ्या आणि स्क्रीन आगाऊ घेऊन ठेवायच्या. तो पैसा गोदामात अडकतो.

आपल्याकडे ‘डॉस’ लिहिलेला स्वस्त लॅपटॉप मिळतो, त्याच्याशी तुलना नको. तिथे फक्त परवाना काढलेला असतो; वरचं काम केलेलं असेलच असं नाही. घेण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: झाकण मिटून रात्रभरात बॅटरी किती टक्के उतरते, आणि बायोसचा अपडेट लिनक्समधून होतो का? पहिल्याचं उत्तर आकड्यात येतं का ते बघा.