सदाशिव पेठेतले कागदी कवच

नाशिकहून तीन दिवसांसाठी पुण्याला गेलो होतो. सिंहगड पाहिला, शनिवारवाडा पाहिला आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीने जीव नकोसा केला. एका प्रदर्शनात पातळ पांढऱ्या कवचाखाली ‘नॉटिलस शंख’ (नॉटिलस हा कवचात राहणारा समुद्री प्राणी) अशी चिठ्ठी वाचून, ती खरी मानून पुढे सरकलो, याचे मात्र आता वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर मित्राच्या काकांनी कापूस भरलेल्या खोक्यातून तसेच कवच काढले आणि म्हणाले, “दोन्ही हातांची ओंजळ कर.” हातात काही आहे असे जाणवेना. खिडकीकडे धरल्यावर पलीकडच्या माझ्या बोटांच्या सावल्या त्यातून दिसल्या. मी शंख म्हणताच काका म्हणाले, “आत कप्पे दिसतात का बघ. नॉटिलसला असतात. हे ऑक्टोपसच्या मादीने केलेले घर आहे.”

त्या ऑक्टोपसचे नाव आर्गोनॉट. तो तळाशी न राहता खुल्या समुद्रात आयुष्य काढतो. मादी वरच्या दोन बाहूंच्या पसरट पडद्यांतून हे कवच घडवते आणि त्यात अंडी सांभाळते. तिचे शरीर मात्र कवचाला कुठेही चिकटलेले नसते. नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो आणि तो कवच करत नाही. त्याचा शुक्राणू वाहणारा बाहू तुटून मादीच्या शरीरात राहतो. कुव्हिए यांच्यासारख्या जाणत्या शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये त्या बाहूला परजीवी कृमी समजून स्वतंत्र नाव दिले होते. मादी पृष्ठभागावर येऊन कवचात हवा भरून घेते आणि ती दाबली जाऊन आपले वजन तोलले जाईल इतक्या खोलीवर जाते, हे संशोधक ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन यांनी जपानच्या समुद्रात पाहून २०१० मध्ये मांडले.

काकूंनी चहा आणला. काकांनी तो खोक्यापासून दूर, कोनाड्यात ठेवायला लावला. मग त्यांनी कवचाची कड दाखवली. तिथे वळ्यांची रांग मध्येच तुटली होती आणि नखाएवढा भाग सपाट, निस्तेज होता. तडा गेल्यावर मादीने स्वतःच तो सांधला होता. १८३० च्या दशकात सिसिलीतल्या मेसिना येथे निसर्ग-अभ्यासक जान विल्प्रे-पॉवर यांनी जिवंत माद्या पाळून, कवचे फोडून, अशीच डागडुजी डोळ्यांनी पाहिली आणि मादी दुसऱ्याचे कवच बळकावते हा जुना समज खोडून काढला. मी त्या सपाट तुकड्यावरून हलकेच बोट फिरवले; तो बाकीच्या कवचापेक्षा किंचित खरखरीत होता.