मांसाच्या गुरांत पैसा सुटतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मांसासाठीच्या गुरांचा कळप सांभाळतो म्हटलं की समोरचा दोन मिनिटांत विचारतोच, काय हो, यात पैसा सुटतो का? आणि लगेच पुढचं, कुठली जात घेऊ? दुसरा प्रश्न मी टाळतो, कारण जातीवर बोलायला बसलं की रात्र पुरत नाही आणि हाती काहीच लागत नाही. पहिल्याचं उत्तर देतो. सुटतो, पण कुठली गाय रिकामी राहिली हे वेळेत कळलं तर.

दुधाच्या गाईचा हिशेब सकाळ-संध्याकाळ बादलीत दिसतो. इथे तसं नाही. ही गाय वर्षाला एक वासरू देते, बस्स, तेवढीच तिची कमाई. आता गाभणकाळ साधारण 283 दिवसांचा, वर्ष 365 चं, म्हणजे व्यायल्यावर तिच्या हातात 82 दिवस, त्यात जार (वार) पडायची, गर्भाशय जागेवर यायचं, वासराला पाजायचं, परत माजावर यायचं आणि गाभणही राहायचं. माज 21 दिवसांनी फिरतो. एक हुकला की पुढचं वासरू तीन आठवडे उशिरा, आणि आईखालचं वासरू दिवसाला पाऊण ते एक किलो चढतं असं धरलं तर विक्रीच्या दिवशी ते पंधरा-वीस किलोनी मागे. आजारी नाही, काही नाही, नुसतं उशिरा जन्मलं म्हणून.

आणि गाभण राहिलीच नाही तर? 500 किलोची गाय, पाण्याचा अंश सोडून मोजलं तर दिवसाला 10 ते 12 किलो चारा खाते, म्हणजे वर्षाला चार टनांच्या आसपास. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा नेहमी चाऱ्याचाच. भाकड गाईच्या पोटाचे पैसे मग बाकीच्या गाईंच्या वासरांतून जातात, आणि ते कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं म्हणून दिसत नाही.

माझी एक तांबडी होती. शांत, हाक मारली की यायची, पहिली दोन वासरं फक्कड. तिसऱ्या वर्षी रिकामी निघाली तर म्हटलं जाऊ दे बिचारी, एक चान्स देऊ. पुढच्या वर्षी राहिली गाभण पण पार शेवटी, वासरू झालं ते लहानखुरं. दोन वर्षांचा आठ टन चारा आणि समोर एक किरकोळ वासरू. जीव लावला की वहीत लिहायचं राहून जातं, दुसरं काय.

तेव्हापासून वळू कळपात फक्त 60-65 दिवस सोडतो, म्हणजे प्रत्येक गाईला तीन माज मिळतात. वळू काढल्यावर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर बोलावून सगळ्यांची गाभण तपासणी, आणि रिकामी निघेल ती चाराटंचाई सुरू व्हायच्या आत, अंगावर मांस असतानाच विकायची. वासरं सगळी एका वयाची मिळतात, सगळ्यांना लस एकाच वेळी टोचून होते आणि एकसारखा लॉट बघून घेणाराही कमी घासाघीस करतो. हो, वळूलाही आधी तपासा! सगळे गाईंनाच नावं ठेवतात, पण एका वळूमागे वीस-पंचवीस गाई असतात, तो लंगडत असला किंवा वीर्य खराब असलं की अख्खं वर्ष गेलं. वीर्य तयार व्हायला दोन महिने लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेल्या तापाचा फटका आत्ता बसू शकतो.

अंगावरचं मांस मी 1 ते 9 च्या स्केलवर बघतो, 1 म्हणजे नुसता सापळा, 9 म्हणजे लठ्ठ, फासळ्या, पाठीचा कणा, शेपटीचं मूळ हाताने चाचपून. व्यायच्या वेळी 5 पाहिजे, पहिलटकरणीला 6. हाडं निघालेली गाय माजावर यायला फार वेळ लावते, आणि व्यायल्यावर भरवू म्हणाल तर घातलेलं आधी दुधात जातं, अंगी लागत नाही, म्हणून जे काय करायचं ते आधीच करायचं. पहिलटकरीण स्वतःच अजून वाढत असते, त्यात जुन्या गाई तिला गव्हाणीवरून हुसकतात. तिला वेगळं बांधा. माझ्याकडच्या रिकाम्या गाईंत दुसऱ्या वेताला अडकलेल्याच जास्त निघायच्या, आता निम्म्यावर आल्यात.

बाकी धिप्पाड गाईची हौस मला नाही. 600 किलोची गाय 500 वालीपेक्षा चारा जास्त खाणार हे नक्की, तिचं वासरू त्या मानाने जड निघेलच असं नाही, एकदा दोघींची वासरं आईच्या दुधावरून तोडताना वजनकाट्यावर घालून बघा.

तर जात. तुमच्याकडे चाऱ्याचे सगळ्यात वाईट तीन महिने कुठले आणि तेव्हा तुमच्या जमिनीत किती गुरं जगतात, तेवढं मोजून या, मग जातीवर बोलू.