फॉर्स्टरच्या नोंदीतले दोन तुकोजीराव

कोशातली नोंद अकराशे शब्दांची होती. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर, इंग्रज कादंबरीकार आणि समीक्षक. कोशाचा तो फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, संध्याकाळी छापखान्यात जायचा होता आणि शेवटचं मुद्रित, म्हणजे तपासायची छापील प्रत, सकाळी दहाला टेबलावर आलं. अशा वेळी मजकूर वरून खाली वाचायचा नसतो. आधी सगळे आकडे, मग विशेषनामं, मग पुस्तकांची यादी, आणि वाक्यं सर्वांत शेवटी. वाक्यं आधी वाचली की पटत जातात, आणि पटलेल्या वाक्यातली चूक डोळ्यांना दिसत नाही.

आकड्यांत फार वेळ गेला नाही. जन्म १ जानेवारी १८७९, मृत्यू ७ जून १९७०, म्हणजे वय ९१, मुद्रितात ९२. मेरियन थॉर्नटन या मावशीआजीने १८८७ मध्ये त्याच्यासाठी ठेवलेले ८,००० पौंड मुद्रितात ८०० झाले होते. हे शून्य किरकोळ नव्हे. त्या पैशावर तो केंब्रिजला शिकला आणि पुढे नोकरीच्या मागे न लागता लिहू शकला. ८०० पौंडांत हे जमलं नसतं.

पुस्तकांच्या यादीत नेहमीचा घोटाळा ‘मॉरिस’चा. कादंबरी लिहिली १९१३-१४ मध्ये, छापली गेली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट हयातीत छापायची नाही, हे त्याचंच ठरलेलं होतं. यादी प्रकाशनवर्षाने लावली की ही कादंबरी शेवटची वाटते आणि वाचक तिच्यात म्हातारपणाचा सूर शोधू लागतो. म्हणून अशा पुस्तकापुढे दोन वर्षं द्यायची: लेखन अमुक, प्रकाशन तमुक. ‘अ पॅसेज टू इंडिया’लाही तेच लागू. पहिल्या भारतभेटीनंतर, १९१३ मध्ये, सुरू झालेली ही कादंबरी मध्ये पडून राहिली, दुसऱ्या भेटीनंतर पुन्हा हातात घेतली गेली आणि १९२४ मध्ये आली.

खरं प्रकरण विशेषनामांत निघालं. नोंदीत होतं: ‘१९२१ मध्ये फॉर्स्टर महाराज तुकोजीराव (तिसरे) यांचा खासगी सचिव होता. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये महाराजांना गादी सोडावी लागली.’ (बावला हे १९२५ मध्ये मुंबईत खून झालेले व्यापारी.) शेजारी फेटेवाल्या महाराजांचं छायाचित्र. वाक्यं सुटी घेतली तर दोन्ही खरी आहेत. फक्त पहिल्यातले तुकोजीराव वेगळे आणि दुसऱ्यातले वेगळे.

पहिले देवासचे पवार, दुसरे इंदूरचे होळकर. दोघेही ‘तिसरे’, दोघेही माळव्यातल्या मराठी संस्थानांचे अधिपती, दोघेही १९२१ मध्ये गादीवर, आणि दोन्ही राजधान्यांत जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर. सूचीकार्डावर आडनाव न लिहिता ‘तुकोजीराव (तिसरे)’ एवढंच लिहिलं की पुढची गफलत ठरलेली. फॉर्स्टरचे महाराज देवासचे. बावला प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही. राज्य कर्जात बुडाल्यावर ते फ्रेंचांच्या ताब्यातल्या पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

त्यातही ‘देवास’ म्हणून भागत नाही. एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन भावांच्या वंशजांची. तुकोजीराव थोरल्या पातीचे. धाकट्या पातीवर तेव्हा मल्हारराव होते. म्हणून नोंदीत ‘देवास (थोरली पाती)’ असं पूर्ण लिहायचं.

चूक एकटी नव्हती. एकदा इंदूर गृहीत धरल्यावर कुणीतरी पुढचंही ‘दुरुस्त’ केलं होतं. ‘अ पॅसेज टू इंडिया’चा शेवटचा भाग ज्या काल्पनिक संस्थानात घडतो त्याचं नाव मऊ. मुद्रितात ते ‘महू’ झालं होतं, इंदूरजवळची लष्करी छावणी! एखाद्या पानावर चूक सापडली की तिच्या आधाराने उभं राहिलेलं सगळं तपासावं लागतं, ते याचसाठी. कादंबरीतलं मऊ तिच्यातल्याच मराबारच्या काल्पनिक डोंगरांपासून शेकडो मैल पश्चिमेला आहे आणि तिथे गोकुळाष्टमी चालली आहे. तो उत्सव फॉर्स्टरने १९२१ मध्ये देवासच्या राजवाड्यात पाहिला होता. तेव्हाची पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) मध्ये आहेत. कादंबरीतल्या नारायण गोडबोले या प्राध्यापकाचं आडनाव आणि त्याच्या भजनी मंडळाने तुकारामाला आई-बाप म्हणून घातलेली साद, दोन्ही तिथे अवचित आलेली नाहीत. मराठी दरबार बाजूला काढला तर हा भाग नुसता गूढ वाटतो, आणि पुष्कळ समीक्षकांनी तो तसाच वाचला आहे.

सचिवपदही ‘अनेक वर्षे’ नव्हतं. रजेवर गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या जागी काही महिन्यांची ती बदली होती.

दुपारी उरलेला भाग समीक्षेचा. ‘ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ ही १९२७ ची ‘क्लार्क’ व्याख्यानं, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दिलेली. तो स्वतः तिथल्याच किंग्ज कॉलेजचा, म्हणून मुद्रितात किंग्ज. हे एका शब्दाचं काम. पण गोष्ट आणि कथानक यांतला फरक सांगणारं त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नोंदीत असं आलं होतं: ‘राजा वारला म्हणून राणी वारली, ही गोष्ट. राजा वारला आणि दुःखाने राणी वारली, हे कथानक.’ इथे ‘म्हणून’ने सगळं घालवलं. गोष्टीत फक्त ‘मग काय झालं’ असतं, कथानकात ‘का झालं’. पहिल्याच वाक्यात कारण घुसलं की फरक उरतोच कुठे? ‘राजा वारला, मग राणी वारली’ असं केलं. ‘फ्लॅट’ आणि ‘राउंड’ पात्रांसाठी ‘सपाट’ ठेवलं, पण ‘गोल’ खोडून ‘भरीव’ घातलं. गोल म्हटलं की मराठी वाचकाला आधी अंगकाठी आठवते. फॉर्स्टरची कसोटी मात्र पात्र पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का, ही आहे.

साडेचारला छायाचित्राचा प्रश्न राहिला. ते होळकरांचं होतं आणि पवारांचं खात्रीचं दुसरं हाताशी नव्हतं. चौकट काढून टाकली. मोकळ्या झालेल्या नऊ ओळींत देवासच्या परिच्छेदाला जोड दिली: तुकोजीरावांच्या पत्नी अक्कासाहेब या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, पाहा ‘शहाजी छत्रपती (दुसरे)’. मग सूचीचं जुनं कार्ड फाडून दोन नवी केली, आडनाव आधी.